उन्हं तापली म्हणून पाखरं जात नाहीत

बीड जिल्ह्यात मुलांना पक्षी दाखवायचा विषय काढला की ठरलेलं उत्तर मिळतं: 'आता मार्चमध्ये काय राहिलंय? थंडीत बघू.' पाखरं म्हणजे माजलगावचं धरण नाहीतर जायकवाडीचा फुगवटा, अशी समजूत पक्की बसली आहे. तिच्यात तथ्य आहे ते अर्धंच. पाणथळीवरची पाहुणी बदकं या दिवसांत परततात, हे खरं. पण इथले बरेच कायमचे रहिवासी फाल्गुन-चैत्रातच जोड्या जमवतात, घरटी करतात, दिवसभर बोलतात. पानगळीमुळे ते फांदीवर चटकन दिसतातही. त्यात शाळा सकाळची झालेली असते. नवख्या मुलांना याहून सोयीचे दिवस नाहीत.

'माळावर आणि डोंगरात बघण्यासारखं काय आहे?' हा पुढचा प्रश्न. बालाघाटच्या उतारावर फुललेल्या एका पळसाखाली मुलांना अर्धा तास गप्प बसवा. शिंजीर, बुलबुल, साळुंकी, कोतवाल रांगेनं मध प्यायला येतात. भोरड्यांचा थवा उतरला तर झाड गजबजून जातं. ज्वारीच्या कणसांवर पडतात म्हणून भोरड्या शेतकऱ्यांच्या शिव्या खातात, पण त्या इथल्या नव्हेतच. मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून त्या हिवाळ्यापुरत्या येतात आणि एप्रिलच्या सुमारास निघून जातात. तिकडे त्यांची पिल्लं टोळ-नाकतोड्यांवर वाढतात.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो टिटवीवर. ती रात्री ओरडली की घरात कुणाचं तरी वाईट होणार, असं अजूनही बोललं जातं. टिटवी ओरडते ती कुत्रं, कोल्हा किंवा माणूस तिच्या अंड्यांकडे सरकला म्हणून. तिचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरचा उथळ खळगा, कडेला चार खडे. त्यात बहुधा चार अंडी, निमुळती टोकं आत करून ठेवलेली, रंग मातकट आणि वर काळपट ठिपके. दोन पावलांवर उभं राहूनही ती दिसत नाहीत. ऊन चढलं की टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. साधारण चार आठवड्यांनी पिल्लं बाहेर पडतात आणि लगेच पळू लागतात. आईनं इशारा दिला की जमिनीला चिकटून दगडासारखी निपचित पडतात. हे सगळं गावाबाहेरच्या पडीक रानात चालू असतं. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जोरदार, या ठोकताळ्याला मात्र आधार नाही.

मोराचे अश्रू पिऊन लांडोर गाभण राहते, ही गोष्ट शिकलेली माणसंही सांगतात. ती साफ खोटी आहे. इतर पक्ष्यांसारखंच मोर-लांडोरीचं मीलन होतं. मोर नाचतो तो लांडोरीसाठी. विणीचा काळ पावसाळ्याच्या आसपास येतो म्हणून ढगांशी त्याचं नातं जोडलं गेलं. पावसाळा सरता सरता त्याचा पिसारा आपोआप गळतो आणि पुन्हा नवा येतो. पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य १९९४ पासून खास मोरांसाठी राखलेलं आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेनं एकदा तरी तिथं जायला हवं.

कोकिळेचं एका वाक्यात: आंब्यावर 'कुहू' करतो तो काळा नर, मादी तपकिरी, ठिपक्यांची, आणि तिचा आवाज नुसता 'किक्-किक्'.

'पिल्लाला माणसाचा हात लागला की आई ते टाकून देते' ही समजूत मुलांमध्ये फार आहे. बहुतेक पक्षी वासावरून पिल्लू टाकत नाहीत. खाली पडलेलं उघडं पिल्लू अलगद घरट्यात ठेवता येतं. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू बहुधा उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात. ते घरी आणू नये; मांजर-कुत्र्याची भीती असेल तर जवळच्या फांदीवर ठेवावं. पक्षी जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सर्पराज्ञी केंद्र जखमी वन्यजीवांवर उपचार करतं.

दुर्बीण नसली तरी अडत नाही. वही, पेन्सिल आणि कान पुरतात. अडतं ते घरट्यापाशी. चैत्रात घरट्यात डोकावण्याचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही, पण मुलांचा घोळका जवळ थांबला की पक्षी उठतो आणि तेवढ्या वेळात अंडी उन्हात तापतात. रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी छेडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीतच मोडतं. म्हणून घरटं लांबूनच पाहावं, त्याचे फोटो मोबाइलवरून वाटू नयेत.

शिक्षकांना एक विनंती. याच दिवसांत साखर कारखान्यांचं गाळप संपून पट्टा पडतो आणि ऊसतोड मजुरांची मुलं गावी परततात. पुस्तकात ती मागे पडलेली असतात, पण उसाच्या फडात आणि माळावर त्यांनी पाखरं जवळून पाहिलेली असतात. पक्ष्यांच्या तासाला त्यांना पुढे घ्या आणि आधी त्यांना बोलू द्या.