शाळेसाठी संगणकाची निवड

प्राथमिक शाळेत संगणक येणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. लोकवर्गणीतून, देणगीतून वा शासकीय योजनेतून तो शाळेत येतो, जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद होते, आणि काही वर्षांनी तो कापडाखाली झाकलेला आढळतो. त्या वेळी यंत्र मोडलेले असतेच असे नाही. पुष्कळदा ते केवळ कालबाह्य ठरलेले असते. यंत्र किती वर्षे मुलांच्या उपयोगी पडेल, हे बऱ्याच अंशी खरेदीच्या दिवशीच ठरून जाते. म्हणून निवड करताना शिक्षकाने कोणत्या गोष्टी पाहाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तीन घराणी

संगणकाचे दोन भाग कल्पावेत. डोळ्यांना दिसणारे यंत्र हा पहिला, आणि त्या यंत्राकडून काम करवून घेणारी कार्यप्रणाली हा दुसरा. या दोहोंच्या संबंधावरून आजच्या वैयक्तिक संगणकांची तीन घराणी पडतात. विंडोज ही कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्ट कंपनीची; परंतु ती ज्यावर चालते ती यंत्रे अनेक कारखानदार बनवितात. मॅकिंटॉश, म्हणजे मॅक, याचे यंत्र आणि प्रणाली दोन्ही ॲपल या एकाच कंपनीची. लिनक्स ही मुक्त प्रणाली होय. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाने तिच्यासाठी आज्ञावली सिद्ध केल्या, आणि हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली तिचा गाभा रचला. ती कोणासही वापरता येते, तपासता येते व वाटता येते.

भेदाचे मूळ

हा भेद आजचा नव्हे. १९७७ साली निघालेल्या ॲपल-२ या यंत्राचे झाकण सहज उघडत असे आणि आत जोडपट्ट्या बसविण्यासाठी आठ खाचा होत्या. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याचे भाग बाहेरच्या कारखान्यांतून घेतलेले होते, आणि त्याचे विद्युत् आराखडेही कंपनीने पुस्तकरूपाने उपलब्ध केले होते. त्यामुळे इतरांना जोड भाग बनविणे सुलभ झाले. यंत्र सुरू होताच पहिल्या सूचना देणारी बायॉस ही आज्ञावली तेवढी आयबीएमच्या स्वामित्वाची होती; पण कॉम्पॅक कंपनीने तशीच चालणारी आज्ञावली स्वतंत्रपणे लिहिली आणि १९८२ च्या नोव्हेंबरात आपला संगणक जाहीर केला. मग अनेक कारखानदार या धंद्यात उतरले आणि स्पर्धेमुळे किमती खाली आल्या.

ॲपलने उलट वाट धरली. जानेवारी १९८४ मध्ये निघालेल्या मॅकिंटॉशमध्ये एकही खाच नव्हती, आणि पेटी उघडण्यास खास लांब पेचकस लागे. त्याची १२८ किलोबाइट स्मृती मुख्य पट्टीवर कायमची डाखलेली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात चौपट स्मृतीचा मॅक निघाला, तेव्हा पहिल्या खरेदीदारांना आपल्या हातांनी स्मृती वाढविण्याची सोय नव्हती. तथापि यंत्र व प्रणाली एकाच हातची असल्याने ते जोडणीच्या कटकटीवाचून सुरळीत चाले, हेही तितकेच खरे.

गावातील बैलगाडीचा आरा मोडला तर कोणताही सुतार तो बसवून देतो. नाजूक घड्याळ मात्र त्याच्या जाणकाराकडेच न्यावे लागते. पहिला प्रकार आयबीएमच्या वळणाचा, दुसरा मॅकचा.

किंमत

आयबीएमच्या पहिल्या संगणकाची आरंभीची किंमत १,५६५ डॉलर होती आणि मॅकिंटॉशची २,४९५ डॉलर. यावरून पहिला स्वस्त असे कोणीही म्हणेल. परंतु १,५६५ डॉलरांत पडदा नव्हता, चकती चालविण्याचे यंत्रही नव्हते. मॅकिंटॉशच्या किमतीत मात्र पडदा, चकतीयंत्र व माऊस ही सर्व अंतर्भूत होती. ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ असा प्रकार होऊ नये म्हणून पावतीवरील आकड्यात काय काय आले, हे आधी विचारावे.

आजही हाच नियम लागू पडतो. विंडोजच्या परवान्याचे मूल्य बहुधा नव्या यंत्राच्या किमतीतच धरलेले असते, आणि तो परवाना सामान्यतः त्याच यंत्रापुरता असतो. मॅकच्या नव्या प्रणालीस २०१३ पासून वेगळे मूल्य पडत नाही. परंतु मूळ यंत्रच महाग असते. लिनक्सला परवान्याचे मूल्य नाही. तेथे खर्च होतो तो शिकण्याच्या वेळेचा. एकूण खर्चास उपयोगाच्या वर्षांनी भागावे. येणारा भागाकार हीच संगणकाची खरी किंमत.

वाढ व सुधारणा

वाढ दोन प्रकारची असते : यंत्राची आणि प्रणालीची. टेबलावरील पेटीवजा संगणकात स्मृतीची पट्टी वाढविणे, किंवा फिरती चकती काढून तेथे वेगवान एसएसडी बसविणे, हे काम तालुक्याच्या गावातील कारागीरही करू शकतो. मंदावलेले यंत्र एवढ्याने पुन्हा कामास येते. नोव्हेंबर २०२० पासून मॅकमध्ये ॲपलच्या स्वतःच्या चिप येऊ लागल्या. त्यांत स्मृती चिपलाच जोडलेली असल्याने ती मागाहून वाढविता येत नाही. तथापि विंडोजच्या अनेक लॅपटॉपमध्येही स्मृती डाखलेलीच असते. तेव्हा घराण्याच्या नावावर विसंबू नये. प्रत्यक्ष यंत्राची चौकशी करावी.

प्रणालीच्या बाबतीत विंडोज-१० चे उदाहरण बोलके आहे. २०१५ साली निघालेल्या या प्रणालीची नेहमीची विनामूल्य सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तिच्यानंतरची विंडोज-११ ही टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रक्रियक मागते. सामान्यतः २०१७ पूर्वीचे संगणक त्या कसोटीस उतरत नाहीत. असा संगणक त्या दिवशी बंद पडला नाही. परंतु त्यात पुढे आढळणारी सुरक्षेची छिद्रे नेहमीच्या सुधारणेतून बुजविली जात नाहीत. मॅकच्याही बाबतीत इंटेल प्रक्रियकाच्या जुन्या यंत्रांसाठी २०२५ ची प्रणाली ही शेवटची, असे ॲपलने जाहीर केले आहे. म्हणजेच धडधाकट यंत्र केव्हा जुने ठरावे, याचा निर्णय या दोन्ही ठिकाणी शाळेबाहेर होतो. लिनक्स येथे उपयोगी पडते. तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रावर चालतात आणि त्यांस सुरक्षा-सुधारणाही मिळत राहतात.

सोयीनुसार बदल

मुलांच्या वयास अनुरूप पडदा, मराठी आदेश व मराठी लेखन या शाळेच्या मुख्य गरजा. भारत सरकारने प्रमाणित केलेला इन्स्क्रिप्ट कळफलक तिन्ही घराण्यांत मिळतो. मात्र पडद्याची संपूर्ण मांडणी बदलणे, नको त्या आज्ञावली काढून टाकणे आणि हीच सिद्ध प्रत शेजारच्या शाळेस परवान्याची चिंता न करता देणे, हे स्वातंत्र्य लिनक्समध्ये सर्वांत अधिक आहे. केरळात २००१ साली आरंभलेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ उपक्रमाने पुढे मुक्त प्रणालीचाच स्वीकार केला आणि शाळांच्या गरजेनुसार तिची खास आवृत्ती तयार केली. त्यासोबत शिक्षकांचे व्यापक प्रशिक्षणही झाले. प्रशिक्षणावाचून नुसती प्रणाली बदलली असती, तर संगणक पुन्हा कापडाखालीच गेले असते.

शिक्षकांनी काय करावे

नवीन खरेदी करताना विक्रेत्यास चार प्रश्न विचारावेत : पेटी उघडून स्मृती व चकती बदलता येते काय? प्रणालीची सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळेल? दुरुस्ती तालुक्यात होते काय? शाळेतील पाठ-आज्ञावली व छपाईयंत्र यांवर चालतील काय? उत्तरे लेखी घेऊन शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावीत.

जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावी. तेवढ्यासाठी मूळ प्रणाली पुसावी लागत नाही. सर्व काही ठीक चालल्यास आधी शाळेच्या नोंदींची प्रत अन्यत्र ठेवावी, मगच कायमचा बदल करावा. एखादी पाठ-आज्ञावली केवळ विंडोजवरच चालत असेल, तर एक यंत्र तसेच राखावे.

मॅक उत्तम यंत्र आहे, विंडोज बहुपरिचित आहे. तथापि ग्रामीण शाळेस मानवेल ते यंत्र उघडता येणारे, जवळच दुरुस्त होणारे आणि प्रणाली बदलता येणारे असावे. गावाने पै पै जमवून दिलेल्या यंत्रावर यंदाची पहिलीची मुले पाचवीत गेल्यावरही बसू शकली, तरच ती खरेदी योग्य ठरली असे म्हणता येईल.