आधी लेन्स की आधी सॉफ्टवेअर?

लग्नाच्या हॉलमध्ये काढलेल्या फोटोत भटजी स्पष्ट येतात, पण अक्षता टाकणारा हात पुसट दिसतो. याचे मूळ अपुऱ्या उजेडात आहे. साध्या झूम लेन्सचे छिद्र पूर्ण झूमवर बहुधा एफ/५.६ पर्यंतच उघडते, महागड्या लेन्सचे एफ/२.८ पर्यंत. आकडा निम्मा झाला की छिद्राचा व्यास दुप्पट होतो आणि आत येणारा प्रकाश चौपट. मग जिथे शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडे ठेवावे लागे, तिथे सुमारे सव्वाशेवा भाग पुरतो. हलत्या हाताचा पुसटपणा बराच कमी होतो.

सॉफ्टवेअरला सेन्सरने नोंदवलेल्या माहितीवरच काम करावे लागते. कोपऱ्यांतला अंधार, वाकलेल्या सरळ रेषा असे दोष प्रत्येक लेन्समध्ये ठरलेले असतात. त्यांचे मोजमाप आधीच केलेले असल्याने ते सहज निघतात. पिवळ्या दिव्यांची झाक काढणे हेही सॉफ्टवेअरचेच काम, आणि रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद, असेल तर ते फारच चांगले होते. हरवलेला तपशील मात्र परत येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता तो अंदाजाने भरते, आणि ओळखीच्या चेहऱ्यावर तो अंदाज खटकतो. कमी उजेडात माणसे टिपणाऱ्याने पैसे आधी लेन्सवरच घालावेत. ट्रायपॉडवर शटर हवे तितका वेळ उघडे ठेवून निसर्गदृश्ये टिपणाऱ्याला सॉफ्टवेअर अधिक उपयोगी पडते.