विडीचा हिशेब आणि घरातले दूध

तंबाखूचे व्यसन हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. ‘स्वतःच्या कमाईतली ओढतो, कोणाला काय त्रास?’ हा सवालही घरोघरी ऐकू येतो. त्रास नेमका कोणाला होतो, हे शोधण्याच्या कामी संख्याशास्त्र उपयोगी पडले आहे.

२०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करतात. विडी ओढणारे ७.७ टक्के, तर सिगारेट ओढणारे ४ टक्के आहेत. विडी प्रामुख्याने कष्टकऱ्यांच्या घरात आढळते आणि स्वस्त असल्याने तिचा खर्च कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

हा न दिसणारा खर्च अर्थतज्ज्ञ रिजो जॉन यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकडेवारीतून तपासला. अशा अभ्यासाची रीत समजण्यास कठीण नाही. एका घरात तंबाखू आहे, दुसऱ्यात नाही. एवढ्यावरून तुलना केली तर फसगत होते, कारण त्या घरांची मिळकत, माणसे, शिक्षण सारेच वेगळे असू शकते. म्हणून संख्याशास्त्रीय प्रतिमानात या बाबींचा प्रभाव समीकरणाद्वारे वेगळा काढला जातो. मग प्रश्न उरतो तो असा: इतर परिस्थिती सारखी असताना तंबाखूवर पैसा गेला, तर कोणत्या खर्चाला कात्री लागते? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दूध, शिक्षण आणि स्वच्छ इंधन यांवरचा खर्च अशा घरांत कमी आढळला. पोषणावरही प्रतिकूल परिणाम दिसला.

जॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आणखी एक हिशेब मांडला. दारिद्र्यरेषा ठरते कुटुंबाच्या खर्चावरून, आणि त्या खर्चात विडी-तंबाखूही धरली जाते. ती रक्कम व तंबाखूजन्य आजारांवरील उपचारांचा खर्च वजा केला, तर सुमारे दीड कोटी माणसे अधिक गरीब ठरतात. म्हणजेच कागदावर रेषेच्या वर असलेल्या घरात ताटात मात्र तेवढे अन्न नसते.

ही सरासरी आहे. एखाद्या कुटुंबावरचा निवाडा नव्हे. आपल्या घराचे खरे चित्र आपल्यालाच काढावे लागेल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिनाभर रोजचा तंबाखूखर्च लिहून पाहावा. दिवसाला २० रुपये म्हटले, तरी महिन्याचे ६०० आणि वर्षाचे ७,३०० रुपये होतात. आजी-आजोबांचे रोजचे दूध किंवा रक्तदाबाच्या गोळ्या यांच्याशेजारी हा आकडा ठेवला, की वेगळ्या उपदेशाची गरज उरत नाही.

‘आता या वयात सोडून काय मिळणार?’ असे ज्येष्ठ मंडळी म्हणतात. ब्रिटनमध्ये १९५१ पासून डॉक्टरांचीच पन्नास वर्षे पाहणी झाली. पन्नाशीत सिगारेट सोडणाऱ्यांचे आयुष्य, ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत, सरासरी सहा वर्षांनी वाढले. साठीत सोडणाऱ्यांचे सुमारे तीन वर्षांनी. साठीनंतरची तीन वर्षे म्हणजे नातवंडांचा केवढा तरी सहवास!

सोडताना पहिले काही दिवस चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड होते. ही शरीराची तक्रार आहे, माणसाचा स्वभाव नव्हे, हे शुश्रूषा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. टोमणे मारू नयेत, चोरून ओढल्यास पाळतही ठेवू नये. हृदयविकार वा दम्याचा त्रास असल्यास डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर व्यसनमुक्तीसाठी विनामूल्य समुपदेशन मिळते. तो क्रमांक त्याच कॅलेंडरवर, खर्चाच्या आकड्यांशेजारी, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.