नास्तिकाशी काय बोलायचं?

दुसऱ्याचा देव : लेखांक 6

या लेखमालेत आतापर्यंत ज्या ज्या उंबऱ्यावर आपण गेलो, तिथे आत कुठला ना कुठला देव होता. अलिबागकडच्या बेने इस्रायलींचा शनिवार झाला, उदवाड्याचा पारशांचा आतश बेहराम झाला, म्हापशाची मिलाग्रिस सायबीण झाली. अशा घरांत विचारायचं काय, हे निदान ठाऊक असतं. देव कोणता, सण कोणते, ताटात काय चालत नाही. आज गाठ आहे ती देवघरच नसलेल्या घराशी, आणि परधर्माबद्दल कौतुकानं ऐकून घेणारी आपली भली भली मंडळी नेमकी इथे अडखळतात. ‘बरं, देव नका मानू, पण कुठलीतरी शक्ती आहे एवढं तर मानता ना?’ हा प्रश्न आपल्याकडच्या नास्तिकानं आयुष्यात किती वेळा ऐकला असेल, त्याची गणती नाही. विचारणारा भांडायला आलेला नसतो. त्याला समोरच्याला कसंही करून आपल्या मांडवात आणायचं असतं.

अशा वेळी मला आठवतात ते आंध्रचे गोरा. पूर्ण नाव गोपराजू रामचंद्र राव, जन्म 1902, घराणं ब्राह्मण, विषय वनस्पतिशास्त्र. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात एम.ए. झाले आणि कॉलेजांतून शिकवू लागले. पण देव नाही असं ते नुसतं मनात धरून बसले नाहीत. जानवं टाकलं. ग्रहणात गर्भवतीनं बाहेर पडू नये म्हणतात, तर पत्नी सरस्वती गर्भवती असताना मुद्दाम बाहेर पडली. भुताटकीचं म्हणून कुणी घेत नव्हतं अशा घरात बिऱ्हाड केलं. 1933 मध्ये या मतांपायी काकिनाड्याची नोकरी गेली, पुढे मच्छलीपट्टणचीही सुटली. 1940 मध्ये कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर गावी जाऊन त्यांनी नास्तिक केंद्र सुरू केलं. काम कसलं, तर प्रौढांना लिहावाचायला शिकवायचं, दलित वस्तीत राहायचं-जेवायचं आणि सगळ्या जातींच्या लोकांना एका पंगतीला बसवायचं.

हे काम बघून कुणालाही वाटेल, हा तर गांधीजींचा माणूस. गोरांनाही ते वाटत होतं, आणि तिथेच अडचण होती. 1930 मध्ये त्यांनी गांधीजींना पत्र लिहून विचारलं होतं, की तुम्ही देव देव म्हणता त्याचा अर्थ काय? उत्तर आलं ते एका ओळीत मावेल एवढं: माणसाच्या आकलनापलीकडची ती गोष्ट आहे. 1941 मध्ये गोरांनी भेटायची परवानगी मागितली, तेव्हा तर स्पष्ट नकारच आला. नास्तिकपणा म्हणजे स्वतःलाच नाकारणं, त्याचा प्रचार कधी यशस्वी झालेला नाही, तुमच्या गावात जे यश दिसतं ते तुमच्या प्रामाणिक कामाचं आहे, आणि बोलत बसायला मला सवड नाही, असा त्या पत्राचा मतलब. सौजन्य आहे, पण दार बंद आहे. त्यातली खोच बघा: काम चांगलं आहे, म्हणजे ते तुमच्या विचारामुळे झालेलं नसणार. आपणही हेच करतो. नास्तिक सज्जन निघाला की त्याची सज्जनता त्याच्या मताच्या खात्यावर न मांडता संस्कारांच्या खात्यावर मांडून मोकळे होतो.

खरं तर नास्तिक माणूस गांधीजींना नवा नव्हता. लंडनला बॅरिस्टरी शिकत असताना, 1891 मध्ये, चार्ल्स ब्रॅडलॉ या गाजलेल्या इंग्रज नास्तिकाच्या दफनविधीला ते गेले होते. आत्मचरित्रात तसं त्यांनी लिहिलं आहे. गोलमेज परिषदेहून परतताना डिसेंबर 1931 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या सभेत त्यांनी सांगितलं, की पूर्वी मी देव हेच सत्य म्हणत असे, आता सत्य हाच देव म्हणतो. कारण देव नाकारणारे पुष्कळ भेटतात, सत्य नाकारणारा भेटत नाही. दार मोठं करण्याचा हा खटाटोप होता, यात शंका नाही. तरी माझी एक कुरकुर आहे. या दारातून नास्तिकाला आत घेतलं, की तो आत येता येता आस्तिक होऊन जातो. त्याला विचारतो कोण, की तुला यायचं आहे का?

1944 च्या नोव्हेंबरात अखेर गोरांना सेवाग्रामहून बोलावणं आलं. वर्ध्याजवळच्या या गावाचं मूळ नाव सेगाव. गांधीजी 1936 मध्ये तिथे राहायला आले आणि त्यांचं टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागलं, म्हणून 1940 मध्ये सेवाग्राम असं नाव ठेवलं. (नास्तिकाची पत्रं महाराजांच्या दारी जाऊन आली असतील की काय, असा विचार मनात येतोच.) आश्रमाचा दिवस दोन प्रार्थनांच्या मध्ये बांधलेला असे. प्रार्थनेत ईशोपनिषद होतं, कुराणातली आयत होती, पारशांची गाथा होती, जपानी बौद्धांचा मंत्र होता, भजन होतं. प्रत्येक देवाला त्यात जागा होती. ‘देव नाही’ म्हणणाऱ्याचं पाठांतर मात्र त्यात नव्हतं, आणि असणार तरी कसं?

पहिली भेट संध्याकाळी गांधीजी फिरायला निघाले तेव्हा झाली. गोरांनीच पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे, गांधीजींनी हसत विचारलं, की देव नसलेल्या माणसाशी मी काय बोलू? दोघंही खळखळून हसले. मग गोरांनी लगेच दुरुस्ती केली: मला देव मिळाला नाही म्हणून मी नास्तिक आहे, असं नाही. नास्तिकपणा ही जगायची एक रीत आहे आणि ती मी विचार करून घेतली आहे.

पुढची बोलणी काही दिवसांनी, निवांतपणे झाली. तिथे गोरांनी विश्व कुणी निर्माण केलं वगैरे वाद काढलाच नाही. त्यांनी काढला कलकत्ता. बंगालच्या दुष्काळात ते तिथे जाऊन आले होते. मिठाई आणि फळं मांडलेल्या दुकानांच्या पुढ्यात माणसं भुकेनं कोसळून मरत होती. त्या जागी भुकेलं कुत्रं किंवा बैल असता तर, त्यांनी विचारलं, तो असा गप मेला असता का? मारा, हाकला, तो पुन्हा पुन्हा दुकानावर तुटून पडला असता. मग माणसं का नाही तुटून पडली? गोरांचं उत्तर असं, की भुकेलेला आपल्या नशिबाला दोष देत होता आणि दुकानदार दुसऱ्याच्या नशिबाकडे बोट दाखवत होता. दोघांचं तत्त्वज्ञान एकच. ते तत्त्वज्ञान देवावरच्या श्रद्धेनं पोसलं जातं. म्हणून अस्पृश्यता काढायची तर आधी ‘हे वरून ठरलेलं आहे’ ही समजूत काढायला हवी. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती ही लेबलं गळून पडली तरच माणूस माणसाला माणूस म्हणून भेटेल.

मला स्वतःला हे निदान पुरतं पटत नाही. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेल्या माणसाच्या अंगात दुकान लुटायचं त्राण उरत नाही. शिवाय तो आपलं गाव, आपली माणसं सोडून परक्या शहरात आलेला असतो. एकट्यानं दंगा होत नाही. नशिबावरच्या विश्वासाचा वाटा त्यात असेलही, पण सगळा भार त्याच्यावर टाकणं म्हणजे युद्धकाळातल्या सरकारी धोरणाला आणि साठेबाजांना सोडून देणं. पण गोरा बरोबर होते की चूक, हा आजचा विषयच नाही. त्यांनी मुद्दा कुठे नेला ते महत्त्वाचं. ज्याला दरिद्रीनारायण म्हणून गांधीजी उराशी धरत होते, त्याच्याच पुढ्यात त्यांनी आपला नास्तिकपणा आणून ठेवला. तुमची श्रद्धा या माणसाचं काय करते आणि माझी अश्रद्धा काय करते, ते बघू या. गांधीजींना हा प्रश्न परका वाटणं शक्यच नव्हतं.

गांधीजींनी सगळं ऐकून घेतलं. मग जे झालं ते मला फार आवडतं. नास्तिकपणा पसरतो आहे म्हणून मी उपोषणसुद्धा करीन, असं ते म्हणाले. त्यावर गोरांचं उत्तर: मग तुमच्या उपोषणाविरुद्ध मीही उपोषण करीन. पण उपोषण कशाला? माझं कुठे चुकतं ते सांगा, मी बदलतो. ‘जाऊ द्या, शेवटी सगळे एकाच ठिकाणी पोचतात’ अशी गोड पळवाट दोघांनीही घेतली नाही. आपल्याकडे अशा चर्चांचा शेवट हमखास त्याच पळवाटेनं होतो आणि मग चहा येतो. हे दोघं उपोषणाच्या गोष्टी करत होते, म्हणजे मतभेद खराच आहे हे दोघांना मान्य होतं. आणि तसं मान्य झाल्यावरच गांधीजींना म्हणता आलं, की माझी श्रद्धाच बरोबर आणि तुमचा नास्तिकपणा चूक असं मी सांगू शकत नाही. आपण दोघंही शोधतो आहोत, तुम्ही तुमचं काम करा, तुमची रीत माझ्याविरुद्ध असली तरी मी मदत करीन. 1941 च्या पत्रातलं वाक्य आणि हे वाक्य एकाच माणसाची आहेत. मध्ये तीन वर्षं गेली, पण फरक पडला तो प्रत्यक्ष बसून ऐकल्यामुळे, असं मला वाटतं.

मदत करीन म्हणणं सोपं. कसोटी लागली ती लग्नाच्या निमित्तानं. गोरांच्या थोरल्या मुलीचं, मनोरमाचं, अर्जुनराव या दलित तरुणाशी लग्न ठरलं. एक पक्ष हरिजन असल्याशिवाय लग्नाला आशीर्वाद द्यायचा नाही, असा गांधीजींचा त्या काळचा नियम होता. त्यात हे चपखल बसत होतं. लग्न सेवाग्राम आश्रमातच लावू, पण मुलगी लहान आहे, जरा थांबू, असं त्यांनी सुचवलं आणि दोनेक वर्षं थांबायचं ठरलं. राहिला प्रश्न शपथेचा. आश्रमातल्या विवाहविधीत वधूवर देवाला साक्षी ठेवत. नास्तिकाची मुलगी ती शपथ कशी घेणार? गांधीजींनी विधी बदलायचं कबूल केलं: देवाच्या जागी सत्याला साक्षी ठेवावं.

मघाशी ज्या सूत्रावर मी कुरकुर केली, तेच सूत्र इथे कामी आलं, हे मान्य करायला हवं. पण लोझानला त्याचा उपयोग नास्तिकाला आत ओढण्यासाठी होता. सेवाग्रामला त्याच सूत्रासाठी आश्रमाचा विधी वाकला, नास्तिक वाकला नाही. हा फरक लहान नाही. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींची हत्या झाली. मार्चमध्ये त्यांचे देशभरातले सहकारी पुढे काय करायचं हे ठरवायला सेवाग्रामला जमले होते, त्याच दिवसांत हे लग्न ठरल्याप्रमाणे, ठरलेल्या शपथेनं लागलं.

या भेटींची हकिकत गोरांनी लिहिली आणि 1951 मध्ये ती छापली ‘नवजीवन’नं, म्हणजे गांधीजींच्याच प्रकाशनसंस्थेनं. प्रस्तावना लिहिली गांधीजींचे सहकारी किशोरलाल मश्रूवालांनी. गोरा पुढेही शांत बसले नाहीत. 1972 मध्ये विजयवाड्यात त्यांनी गोमांस आणि डुकराचं मांस एकत्र खाण्याचा जाहीर कार्यक्रम केला, हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही निषिद्धाला एकदमच हात घालणारा. मला तो कार्यक्रम बटबटीत वाटतो. गांधीजी असते तर काय म्हणाले असते, याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वेगळी वाट धरली. ते स्वतः नास्तिक, पण अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं देव-धर्माबाबत तटस्थ राहायचं ठरवलं. कुणाच्या देवघरात शिरायचं नाही, शोषण दिसलं तर मात्र सोडायचं नाही. कोणती वाट बरी यावर चळवळीतच अजून वाद चालतात, आणि ते चाललेले बरे.

गोरांनी मुलांची नावं मोठी मजेदार ठेवली होती. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी झालेला मुलगा लवणम्, युद्धाच्या सुमारास झालेला समरम्, नववं अपत्य नाव ठेवायला निमित्त न शोधता नुसतं नऊ. यातला लवणम् बापासारखाच पक्का नास्तिक. विनोबांची भूदानयात्रा आंध्रात फिरत होती, तेव्हा त्यांच्या भाषणांचा तेलुगू अनुवाद तो करत असे. विनोबा म्हणजे गीताप्रवचनांचे विनोबा. त्यांच्या बोलण्यात दर चार वाक्यांनी परमेश्वर येणार. आणि गावोगावच्या लोकांनी तो परमेश्वर ऐकला एका नास्तिकाच्या तोंडून. या माणसानं त्यात स्वतःची टिपणी घुसडली असती, शब्द सौम्य केले असते, तर विनोबांनी त्याला दुसऱ्या दिवशी बरोबर घेतलं नसतं. आपल्याला न पटणारी गोष्ट ती सांगणाऱ्याच्या मनाप्रमाणे, त्याच्या जोरानिशी, चारचौघांत मांडायची आणि घरी येऊन पुन्हा आपल्या मतावर राहायचं. ‘समजलं’ असं म्हणण्याआधी ही परीक्षा प्रत्येकानं द्यायला हरकत नाही. देव मानणाऱ्यानं पाच मिनिटं नास्तिकाची बाजू अशी मांडावी, की ऐकणारा नास्तिक म्हणेल, हो, हेच माझं म्हणणं. उलटही तसंच. घरात करून बघा. पहिल्या दोन मिनिटांतच आपला उपहास कुठे डोकावतो ते कळतं.

(पुढील आठवड्यात : याच सेवाग्रामात जून 1947 मध्ये गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी वारले. आयुष्यभर बौद्ध धर्माचा अभ्यास आणि प्रचार केलेल्या या माणसानं मरणासाठी वाट निवडली ती जैनांच्या सल्लेखनेची.)