सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आणि नंदुरबार जिल्हा

सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी, रूढ भाषेत एमपीएच, समूहाच्या आरोग्याचा अभ्यास करते. आजार कोणत्या वस्तीत जास्त आहे, कोणाला होतो, कशामुळे होतो, आणि हाताशी असलेली माणसे, पैसा व औषधे वापरून तो आटोक्यात कसा आणायचा, हे तिचे विषय. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६ लाख ४८ हजार होती आणि तीत आदिवासींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. कुपोषण, बालमृत्यू, सिकलसेल, हंगामी स्थलांतर हे तिथले प्रश्न दवाखान्याच्या चार भिंतींत सुटणारे नाहीत. म्हणूनच या पदवीची वाट इथल्या तरुणांना माहीत असणे फार गरजेचे आहे.

ही पदवी फक्त एमबीबीएस डॉक्टरांसाठी असते, असा समज सर्वत्र पक्का आहे. तो चुकीचा आहे आणि त्याने नुकसान होते. नवसंजीवनी योजनेतील भरारी पथकांतून पाड्यापाड्यांवर फिरणारे डॉक्टर बव्हंशी बीएएमएस असतात. उपकेंद्रांवर नेमलेले समुदाय आरोग्य अधिकारी बीएएमएस, बीयूएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग करून सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केलेले असतात. याशिवाय समाजकार्याचे पदवीधर आहेत, पोषण किंवा संख्याशास्त्र शिकलेले आहेत. या सर्वांना एमपीएचचे दार उघडे आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत तर कोणत्याही शाखेचा किमान तीन वर्षांचा पदवीधर सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करू शकतो. अन्यत्र अट थोडी अरुंद असते. काही विद्यापीठे वैद्यकीय, दंत, आयुष, परिचर्या किंवा विज्ञान शाखेची पदवी मागतात, काही ठिकाणी कामाच्या अनुभवाला वजन असते. गुणांची किमान टक्केवारी आणि राखीव प्रवर्गांसाठीची सवलत संस्थेगणिक बदलते.

या विषयाचे स्वतंत्र शिक्षण अमेरिकेत १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात उभे राहिले. भारतात १९३२ मध्ये कलकत्त्याला अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था सुरू झाली, पण पुढची कित्येक दशके हे शिक्षण वैद्यकीय महाविद्यालयांतील एका विभागापुरते राहिले. आजच्या अर्थाची एमपीएच १९९७ मध्ये तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेतील अच्युत मेनन केंद्राने सुरू केली. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया २००६ मध्ये स्थापन झाल्यावर तिच्या संस्था निघाल्या. त्यांतली गांधीनगरची संस्था गुजरातच्या सीमेवरच्या नंदुरबारकरांना अंतराने सोयीची आहे. महाराष्ट्रात टाटा संस्थेखेरीज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात हा अभ्यासक्रम चालतो.

एमबीबीएस झालेल्यांसाठी दुसरी, जुनी वाटही आहे : समुदाय वैद्यकशास्त्रातील एमडी. तिचा प्रवेश नीट-पीजी परीक्षेतून होतो, अभ्यास तीन वर्षांचा असतो आणि प्रबंध सक्तीचा असतो. अलीकडे वैद्यकाच्या सर्वच पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करावे लागते. शासकीय सेवेतील वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी पदव्युत्तर जागांपैकी काही राखून ठेवण्याचे धोरण राज्याने २०२२ मध्ये स्वीकारले, त्यामुळे दुर्गम प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षे काढलेल्या डॉक्टरला ही वाट खुली होते. मात्र एमडी आणि एमपीएच यांची गल्लत करू नये. एमडीवर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियंत्रण असते. एमपीएचला तसे एकच नियामक मंडळ नाही. आरोग्य मंत्रालयाने आदर्श अभ्यासक्रम तयार केला असला तरी प्रत्येक विद्यापीठ आपापला आराखडा ठरवते. म्हणून पदवी देणारे विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे ना, आणि क्षेत्रकार्य खरोखर होते ना, याची चौकशी प्रवेशापूर्वीच करावी. जाहिरातीतल्या चकचकीत छायाचित्रांवरून यातले काहीच कळत नाही.

टाटा संस्थेचा प्रवेश पूर्वी तिच्या स्वतःच्या परीक्षेतून होई. २०२४ पासून तो राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या सीयूईटी-पीजी परीक्षेतून होतो. परीक्षा संगणकावर, बहुपर्यायी प्रश्नांची असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. नंतरच्या टप्प्यात मुलाखत असते. तिथे पाठ केलेल्या व्याख्यांपेक्षा उमेदवाराने स्वतः पाहिलेला आरोग्यप्रश्न तो किती नेमका मांडतो, हे मोलाचे ठरते. उपकेंद्रात काम केलेल्या मुलीकडे या बाबतीत शहरी उमेदवाराहून अधिक सांगण्यासारखे असते. खरी अडचण इंग्रजीची आहे. अध्यापन आणि लेखन बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच चालते, आणि घरात पावरी किंवा भिली, शाळेत मराठी अशा क्रमाने आलेल्या विद्यार्थ्याची ती तिसरी भाषा असते. तयारी पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून करावी लागते ती यासाठी.

कागदपत्रांत चालढकल चालत नाही. केंद्रीय नियमांनुसार चालणाऱ्या संस्थांत अनुसूचित जमातींसाठी ७.५ टक्के जागा राखीव असतात, राज्यातील विद्यापीठांत ७ टक्के. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत जात प्रमाणपत्रासोबत वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडे अर्ज करताना वडील-आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांसारखे जुने पुरावे जोडावे लागतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर महसुली नोंदी शोधाव्या लागतात, आणि त्यात महिने जातात. प्रवेशाची यादी लागल्यावर हे काम हाती घेणाऱ्याची जागा हातची जाऊ शकते. शुल्कासाठी महाडीबीटी संकेतस्थळावरून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, तिची चौकशी नंदुरबार किंवा तळोदा प्रकल्प कार्यालयात करता येते.

पूर्णवेळ एमपीएच साधारण दोन वर्षांची, चार सत्रांची असते. पदवी श्रेयांकांवर मिळते. एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात १५ तासांचे अध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक. साथरोगशास्त्र आणि जैवसांख्यिकी हे अभ्यासाचे दोन खांब. त्यांच्या जोडीला आरोग्यव्यवस्था व धोरण, आरोग्याचे अर्थशास्त्र, पर्यावरण, पोषण, माता-बाल आरोग्य, आरोग्याचे सामाजिक निर्धारक आणि संशोधनपद्धती हे विषय येतात. किमान उपस्थिती, प्रत्येक विषयात उत्तीर्णता, ठरलेले क्षेत्रकार्य आणि शेवटी लघुप्रबंध, इतके पुरे झाल्याशिवाय पदवी मिळत नाही.

लघुप्रबंधाचे काम काय असते, हे सातपुड्यातल्या एका कल्पित अभ्यासावरून समजून घेता येईल. अक्राणी तालुक्यातील पाच वर्षांखालच्या मुलांतील कुपोषण मोजायचे आहे असे धरू. आधी नमुना किती मोठा हवा ते ठरवावे लागते. प्रमाण ५० टक्के गृहीत धरून ५ टक्क्यांच्या फरकापर्यंत अचूकता हवी असेल, तर ९५ टक्के विश्वासपातळीवर ३८४ मुले लागतात. पण मुले एकेकटी निवडता येत नाहीत, पाडे निवडावे लागतात. एका पाड्यातली मुले एकमेकांसारखी असतात, म्हणून हा आकडा सहसा दुप्पट, ७६८ केला जातो. मग पाड्यांची यादी हवी. महसुली गाव एक आणि त्याचे पाडे डोंगरभर विखुरलेले, अशी इथली वस्ती असल्याने निव्वळ जनगणनेच्या गावयादीवर विसंबले तर दूरचे पाडेच गळतात, आणि आजार बहुधा तिथेच जास्त असतो. आशा आणि अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीशी यादी ताडून पाहणे म्हणूनच अटळ ठरते.

त्यानंतर प्रश्न येतो काळाचा. पावसाळा सरल्यावर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत किंवा अन्य जिल्ह्यांत जातात आणि होळीच्या सुमारास परततात. जानेवारीत सर्वेक्षण केले तर मागे राहिलेली मुलेच मोजली जातील आणि निष्कर्ष फसवा निघेल. मुलाचे वय ठरवणे हे आणखी एक काम. जन्माचा दाखला नसेल तेव्हा स्थानिक घटनांची दिनदर्शिका तयार करतात : काठी गावच्या होळीआधी की नंतर, पेरणीच्या वेळी की कापणीच्या. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी मात्र वयाच्या थोड्या चुकीने फारशी बिघडत नाही. सहा महिने ते पाच वर्षे वयात घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल अतितीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर मध्यम. पट्टी डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर, न आवळता, न सैल सोडता लावायची असते, आणि दोन सर्वेक्षकांची मापे जुळेपर्यंत सराव करावा लागतो.

हे सारे संस्थेच्या नैतिकता समितीने मंजुरी दिल्यावरच सुरू करता येते. संमतिपत्र आईला समजेल अशा भाषेत वाचून दाखवणे, अंगठा घेतला तर साक्षीदाराची सही घेणे आणि अतितीव्र कुपोषित मूल आढळल्यास त्याला उपचारासाठी पाठवणे, या अटी तिथे तपासल्या जातात. पावरी किंवा भिली बोलणारा विद्यार्थी इथे दुभाष्याशिवाय काम करू शकतो. त्याला मिळणाऱ्या उत्तरांचा दर्जा वेगळाच असतो, आणि ही पात्रता कोणत्याही प्रवेशपरीक्षेत मोजली जात नाही.

परदेशात ही पदवी घ्यायची तर अटी थोड्या वेगळ्या आहेत. अमेरिकेत मान्यताप्राप्त एमपीएचसाठी किमान ४२ श्रेयांक, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि शेवटी एक समग्र प्रकल्प लागतो. अर्जासोबत शिफारसपत्रे, उद्देशपत्र आणि इंग्रजीच्या परीक्षेचे गुण जोडावे लागतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि राज्याच्या आदिवासी विकास विभागाची शिष्यवृत्ती असे दोन आधार आहेत. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, तसेच गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ही दोन्ही दांपत्ये जॉन्स हॉपकिन्समध्येच हा विषय शिकली. शिकलेले महाराष्ट्रात कसे उतरते, हे बंगांच्या नवजात बालकांवरील अभ्यासात स्पष्ट दिसते. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरोघरी नवजात बालसेवा दिली, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. आधी १९९३ ते १९९५ या काळात मूळ स्थिती नोंदवली आणि मगच उपचार सुरू केले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेची गावे नसती तर ही घट सेवेमुळे झाली की काळानुरूप आपोआप, हे ठामपणे सांगता आले नसते.

पदवीनंतर राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कार्यक्रम व्यवस्थापक, साथरोग तज्ज्ञ, संनियंत्रण अधिकारी अशी पदे, स्वयंसेवी संस्था आणि संशोधन प्रकल्प ही कामाची क्षेत्रे आहेत. अभियानातली बहुतेक पदे कंत्राटी असतात, हा या वाटेचा सर्वांत कच्चा दुवा. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचे स्वतंत्र केडर सुचवले आणि एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने त्याची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांना दिली. असे केडर पूर्णपणे उभे राहिले तर या पदवीधरांना कायम पदांची शिडी मिळेल. तोवर प्रत्येक जाहिरातीत एक ओळ काळजीपूर्वक वाचावी लागते : एमपीएचच्या आधीची पदवी एमबीबीएसच हवी, की आयुष, परिचर्या आणि जीवशास्त्राचे पदवीधरही चालतील.