चौकट : गोव्याची ‘स्टॉर्म’ संगणकात

सॅन स्टॉर्म ही गोव्यात बनलेली दोन आसनी स्पोर्ट्‌स कार. काळ १९९०च्या दशकाची अखेर. बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनोचे, ११४९ सीसी. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ ठरायला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे लागतात; तिला अजून वेळ आहे. पण गाड्या मोजक्याच, म्हणून डिजिटल प्रतिकृती आताच केलेली बरी.

मोबाइल, फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल बनवणारे (फोटोग्रामेट्रीचे) एखादे सॉफ्टवेअर आणि पुढच्या कामाला ‘ब्लेंडर’ हे मोफत सॉफ्टवेअर एवढे पुरते. गाडीभोवती फिरून फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साधारण ६० ते ८० टक्के भाग यायला हवा. फोटोग्रामेट्रीला चकाकी आणि काच अजिबात मानवत नाही. धुळकट गाडी चालते, म्हणजे या एका कामात धुळे-जळगावची धूळ उपयोगी! खानदेशी मे महिन्याचे भर दुपारचे ऊन मात्र टाळा, कडक सावल्या मॉडेलच्या रंगात कायमच्या उमटतात. ढगाळ सकाळ उत्तम. काचा आणि दिवे नंतर हातानेच घडवावे लागतात.

फोटोंवरून सॉफ्टवेअरला गाडीचे खरे माप कळत नाही, म्हणून पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर टेपने मोजून जरूर लिहून ठेवा.