टिश्यूने पाणी वाचते का?

लातूर-नांदेडकडच्या लग्नांत पंगतीऐवजी बुफे आला आणि हात धुवायच्या पिंपाशेजारी कागदी नॅपकिनचे गठ्ठे दिसू लागले. त्याने पाणी वाचते, असे सांगितले जाते. मांजरा धरण आटल्यावर ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि ज्याच्यासाठी 12 एप्रिल 2016 रोजी आलेली पहिली गाडी फक्त पाच लाख लिटर घेऊन आली, त्या लातूरला हे पटणारच. हिशेबही वरवर बाजूने आहे. कागदगिरणीत किलोमागे पन्नास लिटर पाणी लागते असे धरले, तरी दोन ग्रॅमच्या नॅपकिनच्या वाट्याला जेमतेम शंभर मिलिलिटर येते. नळ सोडून हात धुताना याहून कितीतरी जास्त वाहून जाते. पण ही बचत खरी ठरण्यासाठी नॅपकिनने धुणे टळायला हवे, आणि ते टळत नाही. कोरडा कागद रश्श्यातले तेल थोडे टिपतो, उरलेले बोटांवर पसरवतो. तेल आणि त्यात अडकलेले जंतू सुटायला साबण-पाणीच लागते. म्हणजे हात पुसून घरी गेलेला माणूस तिथे धुतोच, किंवा धूतच नाही. पहिल्यात गिरणीचे पाणी वर खर्च होते, दुसऱ्यात आजाराला वाट मिळते. पाणी वाचवायचे तर साबण चोळताना नळ बंद ठेवावा, तांब्याने धुवावे.

मग टिश्यू निरुपयोगीच का? अजिबात नाही, त्याचे काम धुतल्यानंतर सुरू होते. ओल्या हाताला जंतू सहज चिकटतात आणि तितक्याच सहज पुढे जातात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या हात धुण्याच्या पायऱ्यांत एकदाच वापरायच्या कागदाने हात कोरडे करणे आणि त्याच कागदाने नळ बंद करणेही आहे. दिवसभर सगळ्यांनी पुसलेल्या हॉटेलातल्या टॉवेलपेक्षा हे नक्कीच बरे. सर्दीतही तसेच: शिंकून लगेच कचऱ्यात टाकलेला टिश्यू खिशात भिजत राहणाऱ्या रुमालापेक्षा सुरक्षित. गाड्यावरची गरम भजी वर्तमानपत्रावर मिळतात, तिथे तर बदल हवाच. छपाईची शाई तेलात उतरते आणि 2018 च्या अन्न-वेष्टन नियमांनी वर्तमानपत्राला मनाई केली आहे. मात्र पांढरा दिसतो म्हणून प्रत्येक नॅपकिन अन्नासाठी योग्य असतो, असे नाही. तो रद्दीच्या लगद्याचाही असू शकतो. पाकिटावर अन्नासाठी योग्य असल्याचा उल्लेख पाहावा, नाहीतर पळसाची पत्रावळ आहेच.

‘कागदच तो, विरघळेल’ म्हणून नॅपकिन संडासात टाकणे हा सर्वांत महागडा गैरसमज. शौचालयाचा कागद पाण्यात सुटावा असा बनवतात. नॅपकिनमध्ये ओला झाल्यावरही फाटू नये म्हणून राळ मिसळलेली असते, त्यामुळे तो पाइपात तसाच अडकतो. ओल्या वाइप्समध्ये तर बहुतेकदा प्लास्टिकचे धागे असतात, ते कुजतही नाहीत. अन्नाने माखलेला साधा, न छापलेला नॅपकिन ओल्या कचऱ्यात टाकावा, वाइप मात्र वेगळा.